गुणकारी गवत

१

थोरली स्वयंपाकघराच्या फरशीवर सापडली, तेव्हा तिच्या हाताशी कप होता आणि कपाच्या तळाशी चहा होता. तेवढ्यावर अख्ख्या गल्लीनं निकाल देऊन टाकला : चहात विष. गल्लीला निकाल द्यायला वेळ लागत नाही, कारण तिला पुरावा लागत नाही.

धाकटी बहीण सकाळच्या गाडीनं आली आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून थेट दवाखान्यात शिरली. तिला सगळे तुरटी म्हणत. सरकारी प्रयोगशाळेत तिनं उभी हयात औषधं तपासण्यात घालवली होती, आणि तिथल्याच कुणीतरी हे नाव ठेवलं होतं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, तशी ही खोलीत आली की थापा खाली बसत. शिवाय तोंडी लागली की समोरच्याचं तोंड वाकडं होई, हे दुसरं कारण.

डॉक्टर तरुण होता आणि रात्रभर जागलेला दिसत होता.

"काय झालंय माझ्या बहिणीला?"

"विषबाधा असावी. उलट्या, पोटात दुखणं, रक्तातली साखर खाली, रक्तदाब तर फारच खाली. सलाइन दिलं की तेवढ्यापुरता वर येतो, पुन्हा घसरतो."

"कसलं विष?"

"तेच शोधतोय."

"म्हणजे माहीत नाही."

"शोधतोय म्हटलं ना, मॅडम."

"मीही तेच म्हटलं."

खाटेवर थोरली डोळे मिटून पडली होती. तुरटीनं तिला सहा महिन्यांनी पाहिलं. तेव्हाची ती हडकुळी, गालफडं बसलेली बाई कुठे गेली? हा चेहरा गोल गरगरीत होता, गालांवर लाली होती. मरणाच्या दारात पडलेल्या बाईला असा चेहरा शोभत नव्हता. दंडावर काळेनिळे डाग होते. नर्स म्हणाली, सुया टोचल्याचे आहेत. सुया मनगटाला टोचल्या होत्या, डाग खांद्यापर्यंत होते.

तेवढ्यात थोरलीचा मुलगा आला. तो शाळेत विज्ञान शिकवायचा. घरीही शिकवायचा, कुणी विचारलेलं नसलं तरी.

"मावशी, त्या भोंदूनं मारलं गं आईला!"

"अजून जिवंत आहे ती. क्रियापद जरा सांभाळून वापर."

"किती वेळा सांगितलं तिला, झाडपाल्यानं सांधे बरे होत नसतात. पण हिचं आपलं एकच, पी हळद अन् हो गोरी! बघ, झाली गोरी."

पलीकडे बाकावर पोलीस थोरलीच्या सुनेशी बोलत होता. आवाज हळू होता, पण त्याचा शेवटचा प्रश्न साऱ्या बोळात ऐकू गेला.

"रोज चहा कोण करून देतं त्यांना?"

सून म्हणाली, "मीच."

२

सून घरी शिवणकाम करायची. तुरटी घरी आली तेव्हा ती खिडकीशी मशीनवर बसली होती. डोळे सुजलेले, पण पाय चालू. थांबली तर रडू फुटेल, एवढं तिचं तिला कळत होतं.

"बरणी कुठंय?"

"ओट्यावर. पोलिसांनी मूठभर नेलंय."

तुरटीनं झाकण काढलं. पुदिना, गवती चहा, सुंठ. वास चांगला होता, पण चांगला वास चोराच्या अंगालाही येतो. सहा महिन्यांपूर्वी याच ओट्यापाशी थोरलीनं मोठ्या कौतुकानं हा चहा तिच्यापुढे केला होता. तेव्हा ती म्हणाली होती, "मी गवत खात नाही, ताई. मला शिंगं नाहीत." त्यावरून दोघींचं जे बिनसलं ते बिनसलंच. ज्या बाईनं परक्यांची हजारो औषधं जिभेवर आणि काचेखाली तपासली, तिनं सख्ख्या बहिणीचा चहा ओठालाही लावला नव्हता. तपासायला त्यात काही असावं लागतं, असं तिचं मत होतं.

थोडा पाला कागदात बांधून तिनं प्रयोगशाळेतल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडे पाठवून दिली आणि सुनेसमोर येऊन बसली.

"गुण आला होता म्हणे?" 'गुण' हा शब्द तिनं मेलेलं झुरळ चिमटीत उचलावं तसा उचलला.

"आला होता, मावशी. खोटं कशाला बोलू? जिना चढता येत नव्हता आईंना. चहा सुरू केला आणि चार दिवसांत गच्चीवर जाऊन कपडे वाळत घातले त्यांनी. भूक इतकी वाढली की दोन वेळचं चार वेळा. अंग भरलं. झोप तेवढी उडाली. पहाटे उठून धुतलेलीच भांडी परत घासायच्या. आणि कुठे जरासा हात लागला की काळंनिळं. त्या म्हणायच्या, रक्त सुधारतंय."

"सुधारलं की रक्त बाहेर येऊन सांगतं वाटतं?"

सुनेला हसू आलं नाही.

"बरं, पडण्याआधी काय झालं?"

"आठवडाभर मरगळच होती. जेवण नको, उभ्या राहिल्या की चक्कर. मी म्हटलं डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणे, चहा आहे की माझा. उलट जास्त प्यायला लागल्या. चव गेली म्हणायच्या तोंडाची. एरवी इतका कडू असायचा की वर साखर चघळायच्या, आणि आता म्हणे कडूच लागत नाही."

तुरटीनं हे ऐकलं आणि सोडून दिलं. आजारी माणसाच्या तोंडाची चव जातेच.

"तुमचं दोघींचं पटायचं?"

मशीन थांबलं. "भांडायचो. कुठल्या घरात भांडत नाहीत? पोलिसानं पण हेच विचारलं. मावशी, मी रोज त्यांच्यासमोर पाणी उकळून द्यायची. बरणीतून चमचाभर, बस्स. त्यात मी काय घालणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी विद्यार्थ्याचा फोन आला. त्याच्या आवाजात संकोच होता.

"मॅडम, दोनदा बघितलं. कीटकनाशक नाही, धातू नाही, विषारी वनस्पती नाही. पुदिना, गवती चहा, सुंठ. हे नुसतं गवत आहे."

३

खरं म्हणजे तुरटीला आनंद व्हायला हवा होता. सहा महिन्यांपूर्वी ती हेच म्हणाली होती. पण गवतानं माणूस बरा होत नाही तसा मरतही नाही, आणि थोरली तर मरायला टेकली होती.

पोलिसाला मात्र सगळं सोपं झालं. चहात विष नाही, म्हणजे दुसऱ्या कशात तरी आहे. घरात रांधतं कोण? सून. तो सरळ रेषेत चालणारा माणूस होता, वाटेत विहीर असली तरी.

"उद्या सकाळी ठाण्यावर या," त्यानं दवाखान्याच्या बोळातच सुनेला सांगितलं. "चार कपडे सोबत आणा."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. हा गृहस्थ एरवी भाजी चिरतानासुद्धा चाकूच्या धारेचं शास्त्र समजावून सांगायचा. आज तो खिडकीबाहेर बघत होता.

तुरटीनं त्याला बाजूला घेतलं. "प्रयोगशाळा म्हणते, नुसतं गवत आहे."

"अं? हो. असणारच."

"असणारच? काल तर भोंदूनं मारलं म्हणत होतास."

"म्हणजे... तसं नाही. लबाड माणूस आहे तो, पुरावा मागे ठेवणार नाही असं म्हणायचं होतं मला."

"दुसऱ्यांदा तपासायला लावू?"

"कशाला? काही निघणार नाही त्यात," तो घाईनं म्हणाला, आणि तापमान बघायला आईच्या खोलीत गेला. तापमान नर्सनं आत्ताच लिहून ठेवलं होतं.

डॉक्टर समोरून आला. त्याचा चेहरा उतरला होता. "मॅडम, रक्तदाब आता सलाइनलाही दाद देत नाहीये. काय द्यायचं तेच कळत नाही. विष कळलं तर उतारा देता येईल. आजचा दिवस निघेल की नाही, सांगता येत नाही."

४

चहा देणारा माणूस बाजारामागच्या रस्त्यावर बसायचा. सगळे त्याला भाऊ म्हणत. तुरटीनं मनातल्या मनात त्याचं नाव पालापाचोळा ठेवलं. दुकानात लाकडी फळ्या, फळ्यांवर काचेच्या बरण्या, मागे पडदा. बाहेर रांग होती. रांगेत एक निवृत्त न्यायाधीशही उभा होता. जन्मभर साक्षी तपासून शेवटी इथेच यायचं होतं, हे बघून तुरटीला बरं वाटलं.

पालापाचोळ्याचं वागणं मात्र गोड होतं. तिला बसवलं, पाणी दिलं, गुडघा हातात घेऊन हलकेच वाकवून पाहिला.

"इथे दुखतं ना, आई? जिना उतरताना जास्त?"

खरंच तिथेच दुखत होतं. तिला त्याचा आणखीनच राग आला.

"बरं कशानं होणार?"

"पाल्यात गुण असतो."

"कुठल्या पाल्यात?"

"सगळ्याच. ओळखणारा पाहिजे." तो पडद्यामागे गेला आणि पुडी घेऊन आला. "रोज सकाळी चमचाभर. गाळायचा नाही हं. तळाचा गाळसुद्धा पिऊन टाकायचा, खरी ताकद गाळातच."

"आणि एखाद्या दिवशी विसरलं तर?"

पुडी बांधणारा त्याचा हात थांबला.

"विसरायचं नाही. गावाला गेलात तरी सोबत न्यायचा. आणि सोडावासा वाटला, तर आधी मला विचारायचं. अर्धा चमचा, मग पाव, असा हळूहळू. एकदम कधीच नाही."

"नाहीतर काय होईल?"

"पाला रागावतो," तो हसून म्हणाला.

तुरटी बाहेर आली आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली. पुदिना रागावल्याचं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. पुदिना खाणं सोडलं म्हणून कुणी अंथरुणाला खिळत नाही. हळूहळू, पायरी पायरीनं सोडावी लागतात अशी औषधं जगात मोजकी आहेत, आणि तिला ती तोंडपाठ होती.

तिनं पुडी उघडली. वरचा पाला बाजूला सारला. तळाशी पिठासारखी पांढरट भुकटी होती. बोट टेकवून तिनं ते जिभेला लावलं.

कडू. जहर कडू, जिभेच्या मुळाशी चिकटून बसणारं. हा कडूपणा ती डोळे मिटून ओळखू शकत होती. प्रयोगशाळेत याच गोळ्यांच्या भुकटीनं तिच्या जेवणाची चव कितीदा तरी घालवली होती. गोल चेहरा, वाढलेली भूक, उडालेली झोप, दंडावरचे डाग, चार दिवसांत पळालेलं दुखणं. सगळं समोर मांडून ठेवलं होतं आणि ती गवताची थट्टा करत बसली होती.

मग दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली आणि ती ताडकन उठली. थोरलीचा चहा आठवडाभर कडू लागत नव्हता. तोंडाची चव गेली नव्हती. घरच्या बरणीत हा चहा नव्हताच.

५

तिनं तिथूनच डॉक्टरला फोन लावला.

"विष शोधणं बंद करा. तिच्यात काही घुसलेलं नाही, तिच्यातलं काही काढून घेतलंय. त्या चहात स्टिरॉइड होतं. गेले सहा महिने, रोज."

"चहा पिऊन हे झालं म्हणता?"

"न पिऊन! बाहेरून फुकट मिळायला लागलं की शरीराची स्वतःची ग्रंथी झोपी जाते, हे तुम्हीच शिकलात ना? बाहेरचं एका दिवसात बंद झालं, आतलं झोपलेलंच. तिचा चेहरा बघा, डॉक्टर. ती तब्येतीची गोलाई आहे का?"

पलीकडे खुर्ची सरकली आणि फोन बंद झाला.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा इंजेक्शन देऊन झालं होतं. संध्याकाळी रक्तदाब वर आला आणि, पहिल्यांदाच, वरच राहिला. थोरलीनं डोळे उघडून पाणी मागितलं. डॉक्टर बाहेर येऊन तुरटीसमोर उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. "विचारायला हवं होतं मी, आणखी काय काय घेतात म्हणून," तो म्हणाला. "चहा म्हटल्यावर पुढे विचारलंच नाही."

"मीही नाही," तुरटी म्हणाली.

मग तिनं पोलिसाला, सुनेला आणि भाच्याला बोळातल्या बाकाशी बोलावलं.

"विष नव्हतंच. कुणीतरी बरणीतला खरा चहा काढून साधा पाला भरला. कोणी? चहा देणारा भाऊ स्वतः करणार नाही. सोडला तर काय होतं ते एकट्या त्यालाच ठाऊक होतं, आणि गिऱ्हाईक मेलं तर त्याचाच गळा अडकतो. ताई करणार नाही, तिला तर चव गेली असं वाटत होतं. सुनेनं केलं असतं, तर चहा कडू लागत नाही हे तिनं मला आपणहून सांगितलं नसतं. राहिलं कोण? प्रयोगशाळेनं नुसतं गवत आहे म्हटलं, तेव्हा एकाच माणसाला नवल वाटलं नाही. दुसऱ्यांदा तपासलं तरी काही निघणार नाही, हेही त्याला पक्कं माहीत होतं."

भाचा उभा होता तो बसला.

"मी विष नाही घातलं, मावशी. पुदिना घातला! बाजारातून आणला, वाळवला. मला फक्त सिद्ध करायचं होतं. महिनाभर साधा पाला पाजायचा आणि मग सगळ्यांसमोर सांगायचं, बघ आई, काडीचा फरक पडला नाही. खरा चहा माझ्या कपाटात आहे, तिला दाखवायला ठेवलाय."

"आणि फरक पडला तेव्हा?"

"योगायोग वाटला. गवत बदलल्यानं कुणाला काय होणार?"

"प्रयोगातला उंदीर आडवा झाला तर शहाणा माणूस प्रयोग थांबवतो. इथे उंदीर नव्हता, आई होती तुझी."

त्यानं मान वर केली. "तूच म्हणाली होतीस. गवत भरलं तरी तिला कळणार नाही, असं."

तुरटी म्हणाली होती खरी. त्या भांडणानंतर जिना उतरता उतरता, फणकाऱ्यानं.

"म्हणाले होते," ती सावकाश म्हणाली. "ते माझ्या पदरात. पण पोलीस तुझ्या बायकोला कपडे भरायला सांगत होता, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास. ते तरी माझ्या नावावर घालू नकोस."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. चुकलेली शिवण उसवण्याआधी कापडाकडे बघावं तशी. मग ती उठून सासूच्या खोलीत गेली आणि तिनं आतून दार लावून घेतलं.

६

पडद्यामागे सापडल्या त्या गोळ्या, खलबत्ता आणि पिठासारखी भुकटी. पालापाचोळ्याला धरून नेलं, दुकानाला सील लागलं. दुसऱ्या दिवशी तुरटी तिकडे गेली, कारण रांगेतल्या एकेकाला सांगणं भाग होतं : चहा एकदम सोडू नका, पुडी घेऊन दवाखान्यात जा, डॉक्टर हळूहळू सोडवतील.

रांग होतीच. सील लागलेल्या दारासमोर, नेहमीपेक्षा लांब. गल्लीनं नवा निकाल दिला होता : तो चहा सोडला तर बाई मरायला टेकली, म्हणजे बघा काय ताकद असेल चहात! दुकान कधी उघडणार, एवढाच लोकांचा प्रश्न होता.

"पण बाई, गुण तर येत होता ना?" न्यायाधीशांनी विचारलं.

"पुदिन्यानं ढेकर येते. सुंठेनं घसा शेकतो. गरम पाणी घेऊन दमलेला माणूस घटकाभर बसला की त्याला बरं वाटतं. एवढा गुण आहे, आणि तो खोटा नाही. बाकीचा गोळीचा होता. गोळीही खोटी नाही; फक्त कुणाला, किती आणि कधीपर्यंत, हे विचारून द्यायची असते. ती लपवून दिली की लबाडी."

न्यायाधीशांनी मान डोलावली आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "दुसरीकडे कुठे मिळतो हो हा?"

थोरली घरी आली, तेव्हा चेहरा अजून गोल होता आणि गुडघे पुन्हा कुरकुरायला लागले होते. तुरटीनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, काही न वगळता. स्वतःचं जिन्यातलं वाक्यसुद्धा. भाचा कोपऱ्यात उभा होता. आईची माफी कशी मागायची हे कुठल्या पुस्तकात दिलेलं नव्हतं, त्यामुळे तो अडला होता. सून उशी नीट करत होती.

"म्हणजे त्या माणसानं मला फसवलं," थोरली म्हणाली.

"हो."

"आणि या माझ्या पोटच्या गोळ्यानंही."

"तू लबाड नाहीस, तू नुसती हसलीस." ती धाकटीकडे वळली. "तिघांमध्ये फरक सांगू? त्या भामट्यानं फसवायच्या आधी गुडघा हातात घेऊन विचारलं, कुठं दुखतं. तुम्ही दोघं एवढे शहाणे, तुम्हाला ते कधी सुचलं नाही."

तुरटीनं खुर्ची खाटेजवळ ओढली.

थोरलीनं मुलाकडे पाहिलं. "जा, चहा कर. साधा. दूध, साखर आणि चहापत्ती. तुझं शास्त्र घालू नकोस त्यात."

तो लगबगीनं आत गेला. भांडं आपटल्याचा आवाज आला, उतू गेल्याचा वास आला. सून जागची हलली नाही. बऱ्याच वेळानं तो कप घेऊन आला आणि आईपुढे वाकला.

"मला नको. आधी तू पी. माझ्यासमोर."

"आई, अगं..."

"पी."

त्यानं कप तोंडाला लावला. चहा चटका बसेल इतका गरम होता, तरी त्यानं अर्धा संपवला आणि कप पुन्हा पुढे केला.

थोरलीनं तो घेतला नाही. उशीला टेकून ती शांतपणे मुलाकडे बघत राहिली.

"जरा थांबू," ती म्हणाली. "बघू हा पडतो का."